‘पार्टी’तला अमृत पडद्यावर दिसायला हवा होता का?

शेवटची रांग

आमच्या ठाण्यातल्या छोट्या वाचनगटात सध्या आधी नाटकाची संहिता वाचायची आणि मग त्यावर बेतलेला चित्रपट पाहायचा असा क्रम सुरू आहे. या वेळी महेश एलकुंचवारांचे ‘पार्टी’ घेतले होते आणि पाठोपाठ गोविंद निहलानी यांनी त्यावर केलेला १९८४चा हिंदी चित्रपट पाहिला. पटकथा खुद्द एलकुंचवारांचीच आहे, त्यामुळे ‘दिग्दर्शकाने नाटककाराचा घात केला’ ही नेहमीची तक्रार इथे करता येत नाही. तरीही चित्रपट संपल्यावर जो वाद झाला तो काही केल्या मिटेना, म्हणून तो या चर्चामंचावरच्या जाणकारांपुढे मांडते आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगते. माझा प्रश्नच शेवटाविषयी असल्यामुळे शेवट झाकून ठेवणे मात्र शक्य नाही. दिवाकर बर्वे (मनोहर सिंह) या ज्येष्ठ साहित्यिकाला राष्ट्रीय पातळीवरचा मोठा पुरस्कार मिळाला आहे आणि त्यानिमित्त दमयंती राणे (विजया मेहता) यांच्या प्रशस्त घरी रात्रीची मेजवानी आहे. लेखक, नट, पत्रकार, क्रांतीच्या गप्पा मारणारी सुखवस्तू वृंदा, नाव मिळवण्याच्या उंबरठ्यावर उभा असलेला तरुण कवी भरत आणि हे सगळे थोडे बाजूला उभे राहून न्याहाळणारा डॉक्टर (अमरीश पुरी) असा गोतावळा जमतो. ज्याच्याविषयी सगळे बोलतात तो अमृत मात्र तिथे नाही. एके काळी याच वर्तुळातला मानला गेलेला हा कवी सगळे सोडून आदिवासींमध्ये काम करायला गेला आहे. दमयंतीबाईंची मुलगी सोना हिला त्याच्यापासून झालेले मूल आहे आणि ती पार्टीत न मिसळता घराच्या वरच्या भागात राहते. पत्रकार अविनाश (ओम पुरी) अमृतच्या कामाची हकिकत सांगतो, त्यावरून कला आणि राजकारण यांचा कडाक्याचा वाद होतो आणि अखेर अमृतचा खून झाल्याची बातमी येऊन थडकते. नाटकात अमृत रंगमंचावर येत नाही. चित्रपटात मात्र शेवटी बर्वे आणि भरत या दोघांना तो दिसतो. तो रक्ताने माखलेला आहे, काही सांगू पाहतो आहे, पण त्याला बोलता येत नाही. ही भूमिका नसीरुद्दीन शाह यांची आहे.

माझा आक्षेप असा की, दोन तास ज्या माणसाला आम्ही इतरांच्या बोलण्यातून, त्यांच्या असूयेतून आणि अपराधी भावनेतून रचत आलो, त्याला असे अंगा-रक्तासह समोर उभे केल्यावर आमच्या मनातला अमृत तिथल्या तिथे पुसला जातो. गटातल्या निम्म्या मंडळींना मात्र तेच दृश्य चित्रपटाचा कळस वाटले. दुसरी एक शंका पहिलीशी जोडलेलीच आहे. चित्रपट थेट पार्टीत सुरू होत नाही. त्याआधी बर्वे आणि त्यांच्याबरोबर राहणारी मोहिनी (रोहिणी हट्टंगडी) यांचे घरातले दृश्य येते आणि पाहुणे तिथे पोहोचण्याआधीच आपल्याला त्यांच्याविषयी बरेच कळलेले असते. नाटकाला पडद्यावर नेताना हे असे ‘मोकळे करणे’ खरोखर आवश्यक असते, की ‘हे चित्रित केलेले नाटक आहे’ असा शेरा कोणी मारू नये म्हणून केलेली ती तजवीज असते?

विंगेतून

प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तर दोन्ही माध्यमांत ‘नसणे’ कसे घडते यावर अवलंबून आहे, असे मला वाटते. मी हौशी रंगभूमीवर प्रकाशयोजना करतो, त्यामुळे सुरुवात तिथूनच करतो.

रंगमंचावर पार्टी दाखवणे हे तंत्राच्या दृष्टीने डोकेदुखीचे काम आहे. दहा-बारा माणसे एकाच वेळी एका दिवाणखान्यात आहेत, चारचौघांचे घोळके आहेत आणि प्रेक्षकाने मात्र एका वेळी एकाच घोळक्याचे बोलणे ऐकायचे आहे. मग ज्यांचे संवाद चालू आहेत त्यांच्यावरचा प्रकाश किंचित वाढवायचा, इतरांवरचा उतरवायचा आणि त्या इतरांनी तोंडाने आवाज न काढता बोलल्याचा, हसल्याचा अभिनय चालू ठेवायचा. तालमीत सर्वांत जास्त वेळ या मागच्या मुक्या मंडळींवर जातो, कारण त्यांच्यापैकी एक जण जरी खोटे हसला तरी समोरचा गंभीर संवाद कोसळतो. या सगळ्या गर्दीत एक जागा मात्र सदैव जिवंत असते, ती म्हणजे दार. कोणीही आले की प्रेक्षकांची नजर तिकडे वळते आणि दर वेळी तो अमृत नसतो. रंगमंचावर न येणाऱ्या माणसाला अशी एक ठरलेली जागा मिळते. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधले प्रोफेसर दामलेही असेच कधी मंचावर येत नाहीत, पण ते कुठे नाहीत हे आपल्याला प्रत्येक क्षणी ठाऊक असते.

कॅमेऱ्याला असे एकच दार नसते. तो दिवाणखान्यातून गच्चीवर, गच्चीतून वरच्या खोलीत आणि वाटले तर शेकडो मैल दूर जंगलातही क्षणार्धात जाऊ शकतो. त्यामुळे चित्रपटाचा प्रेक्षक नाटकाच्या प्रेक्षकासारखा दाराकडे डोळे लावून बसत नाही. दिग्दर्शक आपल्याला अमृतकडे का नेत नाही, हा प्रश्न त्याच्या मनात रेंगाळत असतो. नाटकात अमृत नाही हा मंचाचा नियम आहे, तर चित्रपटात अमृत नाही हा निहलानींनी केलेला निग्रह आहे, आणि निग्रह कधी तरी सोडायचा असतो किंवा शेवटपर्यंत का पाळला हे सिद्ध करायचे असते. त्यांनी तो सोडला. कोणाच्या डोळ्यांपुढे सोडला हे इथे महत्त्वाचे आहे. अमृत आपल्याला थेट दिसत नाही, तो दिसतो बर्व्यांना आणि भरतला. ज्याने लेखनाच्या बळावर सगळे मिळवले आणि ज्याला अजून सगळे मिळवायचे आहे, अशा दोघांच्या भीतीला आलेले ते रूप आहे. अविनाशला तो दिसत नाही, सोनालाही दिसत नाही. ज्यांनी खऱ्या अमृतला ओळखले होते त्यांना भासाची गरज पडत नाही.

म्हणून माझे मत असे की तुमच्या मनातला अमृत पुसला गेला असे जे तुम्हाला वाटते ते पडद्यावर घडलेलेच नाही. पडद्यावर आला तो बर्व्यांचा आणि भरतचा अमृत. खरा अमृत चित्रपटातही गैरहजरच राहिला.

आता तुमची दुसरी शंका. बर्वे-मोहिनीचे घरातले दृश्य मला अनावश्यक वाटत नाही. त्या दृश्यामुळे पार्टीतले बर्वे आपल्याला दोन थरांत दिसतात. चारचौघांत ते जे मोठेपण पांघरून बसतात त्याखालचे उसवलेले अस्तर आपण आधीच पाहिलेले असते. रंगमंचावर हेच काम नटाला एखाद्या क्षणी मान वळवून, आवाज चढवून पार पाडावे लागते. मोहिनीच्या बाबतीत तर हा फायदा उघडच आहे. रंगभूमी सोडून बर्व्यांच्या सावलीत राहिलेल्या या बाईचा पार्टीत तोल ढळतो तेव्हा आपण चकित होत नाही, तर ‘झाले, आता सुटले’ असे मनात म्हणतो. त्या भूमिकेसाठी रोहिणी हट्टंगडी यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो मला अगदी योग्य वाटतो.

ट्रॉलीवाला

विंगेतून यांचे ‘भीतीला आलेले रूप’ हे म्हणणे पटते, पण एका गोष्टीकडे त्यांनी सोयीस्कर दुर्लक्ष केले आहे. भीतीला एक चेहरा लागतो आणि इथे तो नसीरुद्दीन शाह यांचा आहे. १९८४मध्ये समांतर चित्रपट पाहणाऱ्या कोणाही प्रेक्षकाला हा चेहरा अनोळखी नव्हता. ‘स्पर्श’, ‘आक्रोश’, ‘मासूम’, ‘जाने भी दो यारों’ हे सगळे चित्रपट तोवर येऊन गेले होते. त्यामुळे त्या क्षणी प्रेक्षकाच्या मनात ‘अमृत!’ याआधी ‘अरे, नसीर!’ उमटते. तिथे एखादा अपरिचित चेहरा घेतला असता तर शेवटची रांग यांचा निम्मा आक्षेप उरला नसता, असे मला वाटते.

तरीही या निवडीला दुसरी एक बाजू आहे आणि ती फक्त निहलानींचे चित्रपट ओळीने पाहिले तरच ध्यानात येते. १९८०च्या ‘आक्रोश’मध्ये ओम पुरी यांचा आदिवासी आरोपी लहान्या भिकू जवळजवळ अखेरपर्यंत तोंड उघडत नाही आणि त्याच्या वतीने बोलण्याचा आटापिटा करतो तो नसीर यांचा भास्कर कुलकर्णी वकील. ‘पार्टी’त हीच जोडी उलटी झाली आहे. इथे सर्वांत खणखणीत बोलतो तो ओम पुरी यांचा अविनाश आणि वाचा हरवून समोर येतो तो नसीर. हे ठरवून केले होते की नट उपलब्ध होते म्हणून झाले, कोण जाणे, पण दोन्ही चित्रपट मनात शेजारी ठेवले की त्या शेवटच्या दृश्याचे वजन वाढते. जो दुसऱ्यासाठी बोलायला गेला त्याचीच वाचा हिरावली गेली, इतका त्याचा अर्थ लागतो.

‘चित्रित केलेले नाटक’ या शेऱ्याबद्दलही थोडे लिहितो, कारण माझा पोटापाण्याचा उद्योग कॅमेरा विभागातला आहे. घराबाहेर पडले की नाटकाचा चित्रपट होतो, हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. दोन पात्रांना बागेत फिरायला नेले, मध्येच एक रेल्वे स्टेशन घातले की झाले! ‘पार्टी’चा बहुतेक भाग एका घरात घडतो आणि तरी तो नाटक वाटत नाही, याचे कारण ऐकणाऱ्यांचे चेहरे. नाट्यगृहात बोलणाऱ्याकडे पाहावे लागते, कारण पंधराव्या रांगेतून ऐकणाऱ्याच्या पापणीची हालचाल दिसत नाही. चित्रपटात अविनाश बोलत असताना मी डॉक्टरकडे पाहू शकतो, बर्व्यांच्या ताठ होत गेलेल्या मानेकडे पाहू शकतो, दमयंतीबाईंच्या यजमानी हास्याकडे पाहू शकतो. अमृत जो काही घडतो तो या रिअ‍ॅक्शन शॉट्समध्ये घडतो. संकलन रेणू सलुजा यांचे आहे आणि कोणत्या वाक्यावर बोलणाऱ्याला सोडून ऐकणाऱ्याकडे जायचे याची त्यांची जाण विलक्षण आहे.

असे चित्रण करणे किती किचकट असते याची कल्पना नसलेल्यांसाठी एक छोटी गोष्ट सांगतो. पार्टीच्या दृश्यात प्रत्येकाच्या हातात ग्लास असतो. एक संवाद चार कोनांतून घ्यायचा तर कॅमेरा हलतो, दिवे हलतात, मध्ये जेवणाची सुटी होते, आणि प्रत्येक वेळी प्रत्येक ग्लासातले पेय आधीच्या शॉटइतक्याच पातळीवर आणून ठेवावे लागते. सिगारेट असेल तर तिची लांबी, ताटात अर्धवट खाल्लेला पदार्थ, खांद्यावरून घसरलेला पदर या सगळ्याची नोंद कंटिन्युइटी सांभाळणाऱ्याच्या वहीत असते. शिवाय दहा माणसे गोलात उभी असली की कोण कोणाकडे पाहतो आहे याची दिशा चुकायला वेळ लागत नाही, आणि ती चुकली की संकलनाच्या टेबलावर दोघे एकमेकांशी न बोलता भिंतीशी बोलताना दिसतात. निहलानींनी या चित्रपटाचे छायाचित्रणही स्वतःच केले होते. ज्येष्ठ छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांच्या हाताखाली तयार झालेल्या या माणसाने छायाचित्रकार म्हणून पहिला चित्रपट केला तो सत्यदेव दुबे यांचा ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९७१), म्हणजे तोही एका खोलीत कोंडलेले नाटकच. पुढे ‘अंकुर’पासून बेनेगलांच्या बरोबर त्यांनी उघड्या माळरानावर भरपूर काम केले, पण चार भिंतींत माणसे कशी दाखवायची याचा श्रीगणेशा नाटकावरच झाला होता.

कोरी पाटी

इतके सगळे वाचूनही मला एक गोष्ट खटकते. अमृत दिसावा की दिसू नये यावर आपण एवढा खल करतो आहोत, पण ज्यांच्यासाठी तो गेला आणि मेला त्या आदिवासींपैकी एकही माणूस नाटकातही नाही आणि चित्रपटातही नाही. ते पार्टीतल्या लोकांच्या तोंडी केवळ चर्चेचा विषय म्हणून येतात आणि आपल्याही तोंडी तसेच येतात. शेवटी भास कोणाचा होतो, तर आपल्यातल्याच एका कवीचा. गरिबाचे मरण या दिवाणखान्याला जाणवण्यासाठी मधे एक सुशिक्षित माणूस मरावा लागतो, हे चित्रपटाला कळले आहे की नाही याबद्दल मी साशंक आहे.

आणखी एक. हा विषय या मंचाच्या स्वतंत्र चित्रपटांच्या सदरात टाकला आहे, पण ‘पार्टी’ला पैसा राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, म्हणजे सरकारचा होता. मग त्याला स्वतंत्र कशाच्या आधारावर म्हणायचे?

वऱ्हाडी पाहुणा

कोरी पाटी यांच्या दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर सोपे आहे, ते आधी देऊन टाकतो. आपल्याकडे त्या काळात ‘स्वतंत्र’ याचा व्यवहारातला अर्थ बाजाराच्या हिशोबापासून स्वतंत्र असा होता. वितरकाने आगाऊ रक्कम दिली की तो गाणी मागणार, ओळखीचा नायक मागणार, शेवट गोड मागणार. महामंडळाकडून, आणि त्याआधी फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनकडून मिळणारा पैसा तुटपुंजा असे, पण अशी मागणी करत नसे. दुसरी वाट सहकाराची होती. ‘घाशीराम कोतवाल’वरचा १९७६चा चित्रपट ‘युक्त’ या तरुणांच्या सहकारी गटाने बँकेचे कर्ज काढून केला. त्यात मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा, कमल स्वरूप अशी मंडळी होती आणि ओम पुरी यांचे पडद्यावरचे पदार्पण त्यातच झाले. सरकारी पैशातून काढलेल्या ‘पार्टी’त शासनाच्या बंदुकीपुढे मारल्या जाणाऱ्यांची बाजू इतक्या स्पष्टपणे मांडलेली आहे, हे पाहता ‘स्वतंत्र’ हा शब्द मला तरी जड वाटत नाही.

पहिला मुद्दा मात्र गंभीर आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. आदिवासी तिथे नाहीत हे खरे, पण ते तिथे नसणे हाच त्या घराचा स्वभाव आहे. नाटक लिहिले गेले तो काळ आठवा. ‘पार्टी’ १९७६चे. देशात आणीबाणी होती. त्याच्या आदल्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षपदावरून लेखनस्वातंत्र्याच्या गळचेपीविरुद्ध आवाज उठवला होता आणि लेखकाने बोलावे की गप्प राहावे हा प्रश्न मराठी साहित्यिकांच्या घराघरांत शिरला होता. दलित पँथर १९७२मध्ये स्थापन झाली होती आणि लघुनियतकालिकांतून प्रस्थापित लेखकांच्या कुवतीवर व हेतूवर रोज प्रश्नचिन्ह उमटत होते. एलकुंचवार नागपुरात इंग्रजी शिकवत होते, म्हणजे मुंबई-पुण्याच्या या वर्तुळाकडे थोडे बाहेरून पाहण्याची सोय त्यांना होती. त्यांनी नाटक लिहिले ते या वर्तुळावर. चित्रपट जर दिवाणखाना सोडून जंगलात गेला असता तर तो दुसरा ‘आक्रोश’ झाला असता, आणि तो निहलानींनी चार वर्षांपूर्वीच केला होता. त्यामुळे कोरी पाटी यांना जी उणीव वाटते ती मला आरोपपत्राचाच भाग वाटते. चित्रपटाला हे कळले आहे असे मी मानतो, कारण अमृतचे कौतुक करणाऱ्यांपैकी एकालाही चित्रपटाने सोडलेले नाही. वृंदालाही नाही, भरतलाही नाही आणि थोडे बारकाईने पाहिले तर अविनाशलाही नाही. तोही हकिकत सांगायला अखेर याच घरात, हातात ग्लास घेऊन बसलेल्या मंडळींसमोरच आला आहे.

मूळ प्रश्नाकडे येताना मी एक वेगळी तुलना सुचवतो. त्याच वर्षी, म्हणजे १९८४मध्ये, एलकुंचवारांच्याच ‘होळी’ या एकांकिकेवर केतन मेहता यांनी चित्रपट केला. एकाच नाटककाराच्या दोन संहितांवर एकाच वर्षी दोन दिग्दर्शकांनी काम केले आणि दोघांनी अगदी विरुद्ध वाटा धरल्या, असा योग आपल्याकडे क्वचितच येतो. ‘होळी’त महाविद्यालयाचे वसतिगृह आहे, सणाची सुटी नाकारली गेल्याने धुमसणारी मुले आहेत आणि आपल्यातल्या एकाने नावे फोडली असा संशय आल्यावर त्या मुलाचा छळ करून त्याला आत्महत्येपर्यंत नेणारा जमाव आहे. आमिर खान आणि आशुतोष गोवारीकर त्या मुलांमध्ये होते. केतन मेहतांनी हा चित्रपट लांबच लांब, न तुटणाऱ्या शॉट्समध्ये चित्रित केला. कॅमेरा मुलांच्या मागोमाग वऱ्हांड्यातून, जिन्यांवरून, खोल्यांतून धावत राहतो आणि तो छळ सुरू होतो तेव्हा शॉट तुटत नसल्यामुळे आपल्याला नजर काढून घेण्याची संधीच मिळत नाही. ‘पार्टी’त निहलानी नेमके उलटे करतात. ते तुकडे पाडतात, या घोळक्यातून त्या घोळक्यात उडी मारतात, अर्धे वाक्य इथे तर अर्धे तिथे ऐकवतात, कारण या घरात जमाव नाहीच, एकमेकांपासून तुटलेली माणसे आहेत.

याचा अमृतशी संबंध असा. ‘होळी’चा बळी आपल्या डोळ्यांसमोर आहे आणि चित्रपट त्याच्यापासून क्षणभरही दूर जात नाही. ‘पार्टी’चा बळी दूर आहे आणि चित्रपट त्याच्याजवळ जायला जवळजवळ शेवटपर्यंत नकार देतो. ‘पार्टी’त अमृत अजिबात दिसलाच नसता तर पार्टीतल्या मंडळींना जे हवे होते तेच झाले असते, म्हणजे वाईट बातमी ऐकून, दोन शब्द बोलून, गाड्यांत बसून घरी जाणे. रात्री झोप लागू नये एवढी तरी शिक्षा बर्व्यांना मिळायला हवी होती. नाटकात ती शिक्षा प्रेक्षकाच्या कल्पनेवर सोडता येते, कारण पडदा पडल्यावर तो काही काळ त्याच अंधारात बसलेला असतो. चित्रपट संपताच श्रेयनामावली येते, दिवे लागतात आणि लोक चपला शोधू लागतात.

एक माहिती जाता जाता. दमयंतीबाईंच्या भूमिकेतल्या विजया मेहता यांनीच ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेतर्फे एलकुंचवारांच्या सुरुवातीच्या एकांकिका, ‘सुलतान’ आणि ‘होळी’, रंगमंचावर आणल्या होत्या. ज्यांनी या लेखकाला रंगभूमीवर आणले त्यांच्याकडेच त्याने लिहिलेल्या या सांस्कृतिक दरबाराच्या यजमानीणबाईंची भूमिका यावी, यातला विनोद दोघांनाही कळला असणारच. बाईंनी ती भूमिका कुठेही विडंबनाकडे झुकू दिलेली नाही. दमयंती पोकळ आहे, पण मूर्ख नाही, हे तोलणे फार अवघड होते.

शेवटची रांग

सर्वांचे आभार. ‘भास ज्यांना होतो ते कोण’ हा विंगेतून यांचा मुद्दा आमच्या चर्चेत कोणालाच सुचला नव्हता आणि तो मी पुढच्या बैठकीत नक्की मांडणार आहे. तरी माझा आक्षेप पूर्ण मावळलेला नाही. भास बर्व्यांचा असेल, पण तो ज्या तऱ्हेने चित्रित केला आहे ती तऱ्हा इतर चित्रपटापेक्षा वेगळी आहे. दोन तास आपण बोलणाऱ्या आणि ऐकणाऱ्या माणसांच्या वास्तव हालचाली पाहत असतो आणि अखेरीस एकदम रक्त, जखमा, दुःस्वप्न. वऱ्हाडी पाहुणा म्हणतात तशी झोप उडवायची होती हे मान्य, परंतु ती केवळ मनोहर सिंहांच्या चेहऱ्यावर उडालेली दाखवता आली असती, इतका तो नट समर्थ होता. ट्रॉलीवाला यांनी ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांबद्दल जे लिहिले आहे ते मला माझ्याच बाजूचे वाटते. ज्या चित्रपटाने अमृतला दोन तास इतरांच्या चेहऱ्यांवर दाखवला, त्याने शेवटच्या दोन मिनिटांत त्या चेहऱ्यांवरचा विश्वास का सोडावा?

कोरी पाटी यांचा मुद्दा मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. त्यावर वऱ्हाडी पाहुणा यांनी दिलेले उत्तर चोख आहे, पण ‘उणीव हाच आशय आहे’ हे म्हणणे कोणत्याही कलाकृतीच्या बचावासाठी वापरता येते, अशी एक शंका मनात राहते.

विंगेतून

शेवटच्या परिच्छेदाशी सहमत आहे, तो बचाव जपूनच वापरावा. चेहऱ्यांवरच्या विश्वासाबद्दल एवढेच म्हणेन की बर्व्यांचा चेहरा चित्रपटभर मुखवटा सांभाळण्यातच गुंतलेला आहे आणि तो एकांतात खरा होईल याची खात्री मला तरी देता येत नाही. त्यांच्या आत काय चालले आहे हे दाखवायला दिग्दर्शकाला चेहऱ्याच्या पलीकडे जावे लागले असावे.

तुमच्या पुढच्या बैठकीसाठी एक सूचना आहे. अमृतवर बोलून झाल्यावर सोनाकडे वळा. नाटक पडद्यावर नेताना निहलानींना खरा लाभ कुठे झाला असेल तर तो तिथे, असे माझे मत आहे. ती त्याच घरात आहे, खाली अमृतवर वाद रंगतो आहे आणि त्याच्या मुलाला घेऊन ती वर बसली आहे. घर हा सेट न राहता खरे घर झाल्यामुळे खालची खोली आणि वरची खोली यांच्यातले अंतर आपल्याला जिन्यासकट कळते, आणि कॅमेरा खालचा गोंगाट सोडून वर तिच्यापर्यंत जातो तेव्हा अमृतविषयी सर्वांत कमी बोलणारे माणूस समोर येते. तुमच्या गटाला पुढे याच वाटेने जायचे असेल तर निहलानींचाच ‘रुक्मावती की हवेली’ घ्या. तो स्पॅनिश नाटककार लोर्का यांच्या ‘द हाउस ऑफ बर्नार्डा आल्बा’वर बेतलेला आहे, कथा राजस्थानात नेली आहे, आणि ज्याच्यावरून घरातल्या बहिणी एकमेकींच्या जिवावर उठतात तो पुरुष लोर्काच्या मूळ नाटकात एकदाही मंचावर येत नाही. संहिता आधी वाचा आणि तो पडद्यावर कसा हाताळला आहे ते स्वतःच पाहून इथे लिहा. मी मुद्दाम काही सांगत नाही.